दातांच्या दवाखान्यातील स्वच्छता आणि गुणवत्ता : रुग्णाने नेमके काय पाहावे?

सांजवेळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दाढेची भरणी करून घेण्यासाठी मी दंतवैद्यांकडे गेले होते. दवाखाना लखलखीत होता, फरशीवर डाग नव्हता आणि आरसा, चिमटा वगैरे हत्यारे माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली गेली. मात्र माझ्या आधीचा रुग्ण खुर्चीतून उठताच मदतनीस मुलीने दात कोरण्याचे यंत्र, म्हणजे हँडपीस, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि जागच्या जागी पुन्हा अडकवून ठेवले. त्याला फक्त नवे बर, म्हणजे दात कोरणारे टोक, लावून तेच माझ्या तोंडात घातले गेले. मी विचारले, तेव्हा "स्पिरिटने पुसले आहे, काळजी करू नका" असे उत्तर मिळाले. तोंड उघडून आडवे पडल्यावर वाद घालण्याचे बळ राहत नाही, म्हणून मी गप्प बसले आणि काम करून घेतले.

तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. माझी शंका अवाजवी आहे का? दंतवैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने दवाखान्याची गुणवत्ता आणि सुरक्षितता कशावरून ओळखावी? या क्षेत्रातील जाणकारांनी आणि अनुभवी सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

रानवाट

शंका मुळीच अवाजवी नाही. माझ्या मते तुम्ही त्याच क्षणी उठून यायला हवे होते.

मुखरेषा

मी १९ वर्षे दंतवैद्यक व्यवसायात आहे, त्यामुळे हँडपीसबद्दल सविस्तर लिहितो.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या हँडपीसमधील चाक मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. डॉक्टरांनी पायाने बटण सोडले की चाक थांबते आणि त्या क्षणी टोकाशी असलेली लाळ, रक्त आणि दाताचा चुरा थोड्या प्रमाणात आत ओढला जाऊ शकतो. पुढच्या रुग्णाच्या तोंडात यंत्र सुरू झाले की तोच ऐवज हवेच्या आणि पाण्याच्या झोताबरोबर बाहेर येतो. स्पिरिटचा बोळा बाहेरच्या धातूवरून फिरतो, आत पोहोचत नाही. शिवाय बाहेरच्या बाजूवरही स्पिरिट जंतूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली चिवट रूपे, मारत नाही. म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये हँडपीस साफ करून, तेल घालून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलाच पाहिजे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००३ च्या दंतवैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

असे असूनही हे का टाळले जाते, याचे कारण सांगतो, समर्थन करत नाही. धुणे, वाळवणे, पाकीट, वाफ आणि पुन्हा वाळवणे या सगळ्यात एका फेरीला पाऊण ते एक तास जातो. हँडपीस महाग असतात आणि वारंवार उष्णता दिल्याने त्यांचे बेअरिंग लवकर झिजते. ज्या दवाखान्यात दिवसाला पंधरा-वीस रुग्णांचे दात कोरले जातात आणि हँडपीस दोनच आहेत, तिथे प्रत्येकाला निर्जंतुक केलेला हँडपीस मिळणे वेळेच्या हिशेबातच बसत नाही. त्यामुळे रुग्णांनी विचारायचा सर्वांत उपयुक्त प्रश्न माझ्या मते एकच आहे: "आपल्याकडे हँडपीस किती आहेत?" ज्यांची व्यवस्था नीट आहे, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मध्यान्ह

मुखरेषा यांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडतो. अशा चर्चांमुळे लोकांची भीती वाढते, आणि दातांच्या बाबतीत भीतीमुळे होणारे नुकसान मी घरात पाहिले आहे. माझ्या वडिलांनी खालच्या दाढेचे दुखणे वेदनाशामक गोळ्यांवर काही महिने काढले, कारण कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते की दातांच्या दवाखान्यातून कावीळ होते. शेवटी पू गळ्यापर्यंत उतरला, जीभ वर ढकलली गेली, श्वास अडकू लागला आणि मध्यरात्री त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. ते वाचले, पण डॉक्टरांनी सांगितले की आणखी काही तास उशीर झाला असता, तर सांगणे कठीण होते.

दवाखान्यातून होणारा संसर्ग अत्यंत विरळा आणि न उपचारलेला दात अत्यंत सर्रास, हे प्रमाण वाचकांनी विसरू नये. खुर्चीतून उठून जा, हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

रानवाट

मध्यान्ह, तुमच्या वडिलांचे वाचून वाईट वाटले. माझ्या वाक्याचा अर्थ उपचार टाळा असा नव्हता, दुसरीकडे उपचार घ्या असा होता. तरीही ते अधिक सांभाळून लिहायला हवे होते, हे मान्य करतो.

तळटीप

मध्यान्ह यांचा मुद्दा अर्धा मान्य आहे. संसर्ग विरळा आहे हे खरे; पण तो विरळा दिसतो यामागे शोध घेणे अवघड आहे, हेही एक कारण आहे. हिपॅटायटिस सी शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे लक्षण दाखवत नाही. दहा वर्षांनी यकृत बिघडल्यावर त्याचा संबंध एका दाढेशी कोण जोडणार?

जिथे शोध घेतला गेला, तिथे काय सापडले ते पाहा. अमेरिकेतील टल्सा येथे २०१३ मध्ये एका मौखिक शल्यचिकित्सकाच्या दवाखान्यातील निर्जंतुकीकरणाच्या गंभीर त्रुटी उघड झाल्या आणि सुमारे ७,००० रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्याची सूचना द्यावी लागली. त्यात एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी झाल्याचे विषाणूच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. जॉर्जियात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या मुलांच्या जबड्यात मायकोबॅक्टेरियम जातीच्या जंतूंचा संसर्ग झाला. दोन्ही ठिकाणी दूषित निघाले ते खुर्चीच्या नळीतून येणारे पाणी. तमिळनाडूत २०२३ मध्ये एका दवाखान्यात उपचार घेतलेल्या रुग्णांना मेंदूपर्यंत पोहोचणारा मेलिओइडोसिस हा जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतील अनेक जण दगावले. एकदा उघडलेली सलाइनची बाटली पुन्हा पुन्हा वापरली गेली होती, तिच्याकडे तपासाने बोट दाखवले.

यांतल्या एकाही ठिकाणी फरशी अस्वच्छ असल्यामुळे अनर्थ घडला नाही. मूळ धाग्यातील "लखलखीत दवाखाना" हे शब्द वाचून मला हेच सांगावेसे वाटले.

पडद्याआड

मी अकरा वर्षे दातांच्या दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करते आहे. हत्यारे धुण्याचे काम आम्ही करतो, म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

ऑटोक्लेव्ह आहे एवढे पुरत नाही. त्यात टाकण्याआधी हत्यार स्वच्छ असावे लागते, कारण वाळलेल्या रक्ताच्या आणि सिमेंटच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. म्हणून आधी जाड रबरी मोजे घालून धुणे किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात टाकणे, मग उजेडात धरून एकेक दात आणि खाच तपासणे, मग वाळवणे आणि मग पाकीट. यंत्रात पाकिटे ठासून भरली की मधल्या पाकिटांना वाफ मिळत नाही. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे वाफ टिकली पाहिजे. पाकीटबंद हत्यारांसाठी यंत्राच्या पुस्तिकेत जे चक्र सांगितले असेल, ते पाळायचे. घाई झाली की सर्वांत आधी काटछाट होते ती शेवटच्या वाळवण्याच्या वेळेत. ओले पाकीट बाहेर काढले की त्या ओलाव्यातून हाताचे जंतू कागद ओलांडून आत जातात आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. तुमच्यासमोर उघडलेले पाकीट दमट किंवा सुरकुतलेले असेल, तर निःसंकोच दुसरे मागा.

पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, तो पाहून पुष्कळ रुग्ण निश्चिंत होतात. ती खूण फक्त एवढेच सांगते की पाकीट उष्णतेतून गेले आहे. आतले जंतू मेले की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा बीजाणूंची चाचणी करतात. उष्णतेला चिवट असलेल्या जंतूंचे बीजाणू भरलेली छोटी कुपी हत्यारांबरोबर यंत्रात ठेवायची आणि नंतर ते बीजाणू वाढतात का ते पाहायचे. वाढले नाहीत, तर यंत्र नीट चालते आहे. मी काम केलेल्या तीन दवाखान्यांपैकी एकातच ही चाचणी नियमित होत होती आणि तिची तारीखवार वही होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. सांजवेळ यांच्या धाग्यातील मुलीला कोणी दोष देऊ नये. संध्याकाळी बाहेर आठ जण बसलेले असतात आणि आतून "पुढचा पेशंट घे" असा आवाज येतो. तेव्हा मदतनीस तेच करते, जे तिला शिकवले गेले आहे आणि जेवढी हत्यारे तिच्या हाताशी आहेत.

उंबरठा

पडद्याआड, फार मोलाचा प्रतिसाद. आमच्या दवाखान्यात काचेच्या दाराची, आत निळा प्रकाश असलेली पेटी रुग्णांच्या समोरच ठेवलेली असते आणि सगळी हत्यारे तीत मांडलेली असतात. मी आजवर त्यालाच निर्जंतुकीकरणाचे यंत्र समजत होतो. ते चुकीचे आहे का?

मुखरेषा

उंबरठा, तो गैरसमज फार व्यापक आहे. अतिनील किरणांची ती पेटी फार तर आधीच निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवण्याची जागा आहे. किरण ज्या पृष्ठभागावर थेट पडतात, तिथेच काम करतात. चिमट्याच्या सांध्यात, पक्कडीच्या दातऱ्यांत आणि हत्यारांच्या खालच्या बाजूला सावली असते.

तसेच पाण्यात उकळणे म्हणजेही निर्जंतुकीकरण नव्हे, कारण १०० अंशांना बीजाणू तग धरतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. २ टक्के द्रावणात बीजाणू मरायला सुमारे १० तास लागतात. दोन रुग्णांच्या मधल्या वीस मिनिटांत ते शक्य नाही. उष्णता सहन न करणाऱ्या मोजक्या वस्तूंसाठी तो पर्याय ठीक आहे, पण दाढ काढण्याच्या पक्कडीसाठी नाही.

ओंजळ

तळटीप यांनी पाण्याचा उल्लेख केला, त्यात थोडी भर घालते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खुर्चीच्या आतून जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या अतिशय बारीक असतात आणि रात्रभर त्यांत पाणी साचून राहते. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि एकदा तो धरला की नुसत्या पाण्याने निघत नाही. इटलीत ८२ वर्षांच्या एका महिलेचा २०११ मध्ये लेजिओनेला जंतूंच्या न्यूमोनियाने मृत्यू झाला आणि तिच्या शरीरातील जंतू दवाखान्यातील खुर्चीच्या पाण्यातल्या जंतूंशी जुळले.

उपाय अवघड नाहीत. नळ्यांचे ठरावीक काळाने रासायनिक शुद्धीकरण करायचे, प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यायचे आणि पाण्याची अधूनमधून तपासणी करायची. साध्या उपचारांसाठी दर मिलिलिटरला ५०० पेक्षा अधिक जंतू नसावेत, ही पिण्याच्या पाण्याचीच मर्यादा लागू होते. हाड उघडे करणाऱ्या शस्त्रक्रियेत मात्र नळीचे पाणी चालत नाही. तिथे प्रत्येक रुग्णासाठी नवी बाटली उघडून निर्जंतुक सलाइनच वापरले पाहिजे. अक्कलदाढ काढायची असेल किंवा इम्प्लांट बसवायचे असेल, तर हे आधीच विचारून घ्यावे.

सांजवेळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी वहीत टिपून ठेवते आहे. एक प्रश्न राहून गेला. माझा एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन घातला नाही. हीही हयगयच म्हणायची का?

रानवाट

माझ्या मते तरी हयगयच. एप्रन घालायला किती वेळ लागतो?

मुखरेषा

इथे माझे उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये शिशाचे एप्रन आणि गळपट्टे नेहमीच्या वापरातून वगळण्याची शिफारस केली आहे. आधुनिक यंत्रातील किरणांचा झोत चौकटीने अरुंद केलेला असतो आणि डिजिटल सेन्सरला किरण फार थोडे पुरतात. दाताच्या एका लहान छायाचित्राची मात्रा साधारणपणे आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्या किरणांइतकी किंवा त्याहून कमी असते. उलट एप्रन मध्ये आल्यामुळे चित्र बिघडून ते पुन्हा काढावे लागण्याची शक्यता असते. मात्र अनेक ठिकाणचे नियम आजही एप्रन मागतात आणि तिथे तो घातलाच पाहिजे. रुग्णाने मागितला, तर तो नाकारण्याचेही कारण नाही.

एप्रनपेक्षा महत्त्वाचे दोन प्रश्न आहेत: हा एक्स-रे काढण्याची खरोखर गरज आहे का, आणि अलीकडे दुसरीकडे काढलेला उपलब्ध आहे का?

शेवंती

आतापर्यंत सगळी चर्चा जंतूंभोवती फिरते आहे. ती आवश्यक आहे, पण मला वेगळ्या प्रकारच्या निष्काळजीपणाचा अनुभव आला.

माझी आई हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तिची हलणारी दाढ काढायला आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे तिचे नाव आणि वय लिहून घेतले, बाकी काहीही विचारले नाही. मी स्वतः सांगायला हवे होते, हे खरे. पण आईने "एक दाढ तर काढायची आहे" असे म्हटले आणि माझ्याही ते लक्षात राहिले नाही. रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत ती कापूस चावून बसली होती आणि उशी रक्ताने भिजली होती. नंतर ज्या दंतवैद्यांनी टाके घातले, त्यांनी सांगितले की गोळी बंद करण्याची गरज बहुतेक वेळा नसते. ती स्वतःहून बंद करणे तर अधिक धोक्याचे असते. फक्त आधी माहीत असेल, तर जखमेत रक्त थांबवणारा स्पंज ठेवून, टाका घालून, सकाळच्या वेळी काम करता येते.

आता मी दवाखाना एका गोष्टीवरून जोखते. पहिल्या भेटीत औषधे, ॲलर्जी, मधुमेह, हृदयाची झडप, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे आणि गर्भारपण यांबद्दल लेखी विचारणा होते का? आणि पुढच्या भेटीत "काही बदल झाला आहे का?" असे पुन्हा विचारतात का? जिथे कोरा कागद पुढे करून सही घेतात, तिथे मी पुन्हा जात नाही.

तळटीप

शेवंतीताई, अगदी खरे आहे. यात रूट कॅनॉलच्या वेळच्या रबर डॅमची भर घालतो. ही रबराची पातळ चादर दाताभोवती ताणून बसवतात. तिच्यामुळे दाताच्या मुळातली पोकळी (कालवा) घासण्याची बारीक सुई, म्हणजे फाइल, घशात किंवा श्वासनळीत जाण्याचा धोका टळतो, कालव्यात सोडलेले सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक तोंडात पसरत नाही आणि लाळेतले जंतू उघड्या दातात शिरत नाहीत. १८६४ पासून माहीत असलेली ही साधी वस्तू आजही "रुग्णाला गुदमरल्यासारखे होते" या सबबीखाली बाजूला ठेवली जाते. दोन मिनिटे समजावून सांगितले, तर बहुतेक रुग्ण ती सहन करतात.

उंबरठा

हातमोज्यांकडेही लक्ष द्यावे. मोजे घातलेल्या हातांनी तोंडात काम केले, त्याच हातांनी मोबाइल उचलला, खण उघडला आणि पुन्हा तोंडात काम केले, तर ते मोजे फक्त डॉक्टरांचे रक्षण करतात. माझ्या बाबतीत असे घडले, तेव्हा मी "कृपया मोजे बदलता का?" असे शांतपणे विचारले. त्यांनी लगेच बदलले आणि दिलगिरीही व्यक्त केली.

सांजवेळ (धागाकर्ती)

मी काल त्याच दवाखान्यात पुन्हा जाऊन आले. गर्दी नसलेली वेळ आधी फोन करून घेतली होती. डॉक्टर सुरुवातीला थोडे दुखावले, पण त्यांनी मला आत नेऊन ऑटोक्लेव्ह दाखवला. पाकिटे नीट होती, तारखाही होत्या. हँडपीस तीन होते आणि ते रोज रात्री एकदा निर्जंतुक करतात, मधल्या वेळात पुसतात, हे त्यांनी लपवले नाही. बीजाणूंच्या चाचणीची वही नव्हती. त्यांचा हात चांगला आहे, बोलणे प्रामाणिक आहे, पण हँडपीसची पद्धत बदलेपर्यंत मी तिथे काम करून घेणार नाही, असे मी त्यांना सांगून आले. सांगताना आवाज कापत होता.

आता मी स्वतः काही तपासण्या करून घ्याव्यात का?

मुखरेषा

सांजवेळ, तुम्ही समोर जाऊन बोललात, हे माझ्या पेशातल्या माणसांनाही आवश्यक आहे.

धोका अगदी थोडा आहे, पण मनाची टोचणी राहू नये म्हणून आपल्या वैद्यांना सगळे सांगा. ते सहसा हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांची तपासणी आत्ता एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगतील, कारण संसर्गानंतर लगेच तपासणीत काही दिसत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल, तर त्याबद्दलही विचारा. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस जिवंत राहतो. त्यामुळे या धाग्यातील इतरांनीही आपल्या लसीकरणाची नोंद तपासून पाहावी.

मध्यान्ह

मी इथे भीती पसरवू नका असे लिहिले होते आणि ते मत कायम आहे. तरीही पडद्याआड यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. ज्या दंतवैद्यांनी पुढे वडिलांचे सगळे दात सांभाळले आणि ज्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यांच्याकडे आज सहामाही तपासणीसाठी गेलो, तेव्हा हँडपीसची संख्या आणि चाचणीची वही या दोन्हींबद्दल विचारले. हँडपीस नऊ आहेत आणि प्रत्येक पाकीटबंद आहे. वहीसुद्धा त्यांनी आनंदाने उघडून दाखवली. तीत शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची होती. ती तारीख पाहून ते स्वतःच गप्प झाले, मग मदतनिसाला हाक मारली आणि माझ्यासमोरच कुप्यांचा डबा शोधायला सांगितला. डबा रिकामा होता. आजच मागवतो, असे त्यांनी सांगितले. वडिलांची कवळी बसवायला पुढच्या महिन्यात जायचे आहे, तेव्हा वही पुन्हा पाहीन.